साडभाऊंच्या गाडीची शिट्टी

माणसांवर सरसकट विश्वास आणि यंत्रांवर सरसकट संशय, हा नेम आमच्या साडभाऊंइतक्या निष्ठेने पाळणारा दुसरा माणूस पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत शोधून सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, राहायला सौंसरला. बसस्टँडवर अनोळखी माणसाच्या हाती सामानाची पिशवी सोपवून ते खुशाल रसवंतीत जाऊन बसतील. पण फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा खरोखरच विझतो की नाही, हे पाहायला ते दार हळूच किलकिलं करून आत डोकावतात. लिफ्टमध्ये शिरण्याआधी एक पाय आत ठेवून दाबून पाहतात. आणि त्यांची स्वतःची जुनी पांढरी गाडी तर त्यांच्या संशयाचं मुख्य ठाणं. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत आत कुणी बोलायचं नाही, कारण त्यांना इंजिन ऐकायचं असतं. "भाऊ, इंजिन बोलून राहिलं, तुम्ही मधात नका बोलू," असं ते मला कितीदा तरी म्हणाले असतील. एकदा माझी बायको मागच्या सीटवर शिंकली, तर यांनी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. शिंक बायकोची होती हे पटवायला आम्हाला बराच वेळ लागला.

अशा माणसाच्या गाडीला खरोखरीची शिट्टी लागली, आणि तीही ऐन वाईट दिवसांत. ताईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, नागपूरला डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून दोनदा जावं लागे आणि बसचे धक्के त्यांना सोसत नसत. सोबत म्हणून मी सकाळी पांढुर्ण्याहून सौंसरला येत असे. एक दिवस गाडी सुरू करताच बॉनेटखालून बारीक, तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली. गाडी चालत असताना ती थोडी दबायची आणि कुठे थांबलं की कान किटवायची. साडभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर पाणी शिंपडून पाहिलं, बगिच्याच्या पाइपचं एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनाला लावून पाहिलं. एका मिस्त्रीने पट्टा बदलला, दुसऱ्याने बेअरिंगवर ठपका ठेवला. शिट्टी होती तशीच राहिली.

पण खरी धास्ती वेगळीच होती. डायलिसिसहून परतताना ताई इतक्या थकलेल्या असत की बोलणंही नको वाटे, आणि त्या आवाजात त्यांचा डोळा लागत नसे. शेवटी एका सकाळी, गाडीत बसताना, त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, राहू द्या आता. गाडीबी थकली, मीबी थकली. नाई जात मी."

साडभाऊंनी ताईंना हाताला धरून बसवलं, गाडी काढली आणि लोधीखेड्याच्या पुढे एका लिंबाखाली उभी केली. ताईंना पाणी हवं होतं. त्या पाणी पिईपर्यंत हे बॉनेट उघडून उभे राहिले. इंजिन सुरूच होतं. ऑइल पाहायला इंजिन बंद करावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यांनी ऑइल मोजायची पट्टी तशीच वर ओढली.

"अहो, थांबली!" ताई खिडकीतून म्हणाल्या.

"काय थांबलं?"

"शिट्टी. पुन्हा घाला बरं ते."

त्यांनी पट्टी आत घातली. शिट्टी सुरू. बाहेर काढली. बंद.

"काढा," ताई म्हणाल्या. "घाला. आता काढा." आणि त्या हसू लागल्या. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना तशा हसताना पाहत होतो. साडभाऊही गरज नसताना पट्टी खालीवर करत राहिले, अगदी पंपाने पाणी काढावं तशी.

परतल्यावर मी आमच्या पांढुर्ण्याच्या मिस्त्रीला हे सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. इंजिनाच्या पोटात साचणारी वाफ बाहेर काढायची एक वाट असते. त्या वाटेवरच्या झडपेतला रबराचा पडदा फाटला होता आणि इंजिन त्या फटीतून बाहेरची हवा ओढत होतं. तीच शिट्टी. पट्टी काढली की हवेला मोठी वाट मिळे आणि शिट्टी गप्प होई. नागपूरहून झडप मागवली, ती बसवली आणि गाडी निमूट झाली. "तुह्या ताईनं पकडलं," साडभाऊ माझ्या बायकोला फोनवर सांगत होते. "दोन मिस्त्र्याइले नाई सापडलं ते!" ताईंनी न जाण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. पुढच्या खेपेला त्या स्वतःच तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या.

त्या दिवशी परतताना सावनेर मागे पडायच्या आतच ताईंना झोप लागली. संध्याकाळी आम्ही घरापाशी पोचलो. मी दाराला हात घातला, तर साडभाऊंनी माझा दंड धरला.

"इंजिन बंद केलं तं उठन ते," ते हळूच म्हणाले. "झोपू द्या थोडं."

आम्ही तसेच बसलो. रस्त्याने संत्र्यांच्या पेट्यांचा एक ट्रक गेला. जरा वेळाने ताईंकडे मानेने खूण करत ते म्हणाले, "गाडी घेतली तवा हे म्हणे, मले पचमढी दाखवा. मी म्हणो, घाटात गाडी दगा देईन. नागपूरच दाखवून राहिलो आता."

"जाऊ ना, दादा," मी म्हणालो. "त्यांना जरा बरं वाटलं की जाऊ."

समोरचा आरसा साडभाऊंनी थोडा खाली वाकवला, ताईंचा चेहरा त्यात पुरता दिसेपर्यंत, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या चेहऱ्याकडे पाहत बसले.