चार्जरची खोळ

आमच्या ह्यांनी सारी उमर एसटी चालवली. जळगावची गाडी असायची त्यांच्याकडं. सिल्लोडवरून, अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर आणि पुढं. घाटातही माणसं झोपून राहतात, गाडीला हिसका म्हणून बसत नाही, असं त्यांचे कंडक्टर सांगायचे. मी काही पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरच्या बायकोनं नवऱ्याच्या गाडीत बसायचं म्हणजे माहेरी जाताना, लेडीज सीटवर, तोंड खिडकीकडं करून.

मागल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाय हळूहळू आला, काठी घेऊन अंगणात जायला लागले. ‘व्हय’ आणि ‘नाय’ एवढे दोन शब्द परत आले. हात मात्र आला नाही. शर्टाची बटनं मी लावायची, घास मी भरवायची, आणि भरवताना ते डोळे मिटून घ्यायचे. व्यायाम शिकवायला येणारी डॉक्टरीणबाई एकदा मला दारापाशी घेऊन म्हणाली, “काकू, आत्ताचे हे महिने गेले की मग अवघड आहे. त्यांनी चिमटीत काहीतरी धरलं पाहिजे.” तिनं कपड्यांचे चिमटे दिले, वाटाणे उचलायला सांगितले. ह्यांनी वाटाण्यांचं ताट डाव्या हातानं उलटं केलं. मीही काही गरीब गाय नाही. म्हणलं, “उचला आता तुम्हीच.” मग दोघंही त्या सांडलेल्या वाटाण्यांकडं बघत बसलो.

संक्रांतीला नात पुण्याहून आली. कंपनीत नोकरीला आहे, आणि एवढी शिकलेली पोरगी सुट्टीत गेम खेळत बसते याचं मला नेहमी हसू यायचं. तिनं नवा लॅपटॉप घेतला म्हणून जुना इथं ठेवला. जुना म्हणजे काय, पाट्यासारखा जड, आणि बटनांच्या फटीतून लाल-निळे दिवे. तिनं टेबलाला एक छोटं स्टिअरिंग आवळलं, ह्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “आबा, गाडी काढा.”

पडद्यावर बस होती. काचेवर भुरभुर बर्फ, त्यावर फिरणारा वायपर, आरशात मागचा रस्ता. मुलूख कोणता कोण जाणे. ह्यांनी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. उजवा नातीनं उचलून ठेवला, तो सटकला. तिनं परत ठेवला आणि गाडी निघाली.

मी कणकेच्या हातानं दारात आले होते, ती तिथंच उभी राहिले. वळण यायच्या आधी ह्यांचा खांदा त्या बाजूला झुकायचा. उतार लागायच्या आत वेग कमी. या माणसानं बर्फ बापजन्मात पाहिला नव्हता, आणि गाडीला हिसका नाही! ज्याच्या डब्यात मी एवढी वर्षं भाकरी बांधून दिली तो दिवसभर काय करत होता, हे मला या वयात घरातल्या टेबलावर दिसलं. कणीक तशीच वाळली हाताला.

मग ते रोजचंच झालं. सकाळी चहा झाला की गाडी, दुपारची झोप झाली की परत गाडी. मी भाजी निवडायला मुद्दाम शेजारी बसायची, लेडीज सीटवर बसल्यासारखी. होता होता उजवा हात स्टिअरिंगवरून सटकायचा थांबला. बोटं वळत नव्हती, पण हात तिथं राहायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाली, “काकू, काही करा, पण हे बंद पडू देऊ नका.”

आणि उन्हाळ्यात नेमकं तेच बंद पडलं. गाडी रस्त्यात असताना पडदा काळा. चार्जर लावलेला, बटन चालू, तरी चार्जिंग होईना. त्याचा चार्जर म्हणजे विटेएवढा ठोकळा. त्यावरचा हिरवा दिवा विझलेला. ह्यांनी डावा हात टेबलावर आपटला आणि तोंड भिंतीकडं केलं. जेवायला म्हणलं तर ‘नाय’. दुसऱ्या दिवशीही तेच. उजवा हात परत मांडीवर येऊन पडला. लॅपटॉप गेला खड्ड्यात, मला त्या हाताची धास्ती होती.

मी रिक्षा करून लॅपटॉप, चार्जर सगळा बाडबिस्तरा दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं प्लग लावला, हिरवा दिवा लागला. “मावशी, ये तो बराबर चल रहा ना,” तो म्हणाला. मी उठले नाही. लॅपटॉप माझ्यासमोर पुरता भरला तेव्हाच उठले. घरी आणला, ह्यांनी गाडी काढली, आणि थोड्या वेळात दिवा गुल. लोकांच्या घरी शहाणं आणि आपल्या घरी हट्टी, असलं एखादं पोर असतं ना, तसलं.

म्हणलं, आपल्या घरच्या लाईटीतच खोट असेल. वायरमन बोलावला. त्यानं टेस्टर लावून पाहिलं, सॉकेट बदललं. मग मिक्सरच्या प्लगला लावून पाहिलं, फ्रिजचा काढून तिथं लावलं. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. मी मीठमोहऱ्या ओवाळल्या, खोटं कशाला बोलू. पण लॅपटॉपवरून नाही, ह्यांच्यावरून. ह्यांचा डावा गाल जरासा हसल्यासारखा झाला. चार्जिंग काही झालं नाही.

शेवटी रविवारी दिवा जरा लागून परत विझला, तेवढ्यात नातीनं व्हिडिओ कॉल केला. “आजी, मोबाईल फिरव. भिंतीपासून सुरू कर, सगळं दाखव मला.” मी बोर्ड दाखवला, वायर धरून खाली आले.

“थांब. हे काय आहे?”

“चार्जर.”

“नाही, त्याच्यावर काय आहे?”

“खोळ.”

आता मी शिवणकाम करणारी बाई. आमच्या घरात उघडी वस्तू राहत नाही. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, सिलेंडरला खोळ. समोरच्या रस्त्याचं काम संपत नाही, धूळ थांबत नाही, करायचं काय माणसानं? उन्हाळ्याचा फुफाटा सुरू झाला तेव्हा चार्जरलाही शिवली. आत कापूस, वायरीसाठी दोन्हीकडं तोंडं, वरून झालर. दुकानात नेताना मळेल म्हणून तेवढी काढून ठेवली होती.

नातीला हसू आवरेना. मग म्हणाली, “आजी, तो तापतो गं. फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो.”

खोळ काढली तर ठोकळ्याला हात लाववेना. मी खजील व्हायला पाहिजे होतं, पण मला नवलच वाटलं. एवढ्याशा डब्याला कळतं की आता सोसवत नाही, आणि तो गप थांबतो. आमचे हे झटक्याच्या दिवशी सकाळपासून डोकं धरून होते, तरी मंडईत जाऊन आले होते.

“भिंतीचा प्लग काढ, लॅपटॉपची पिन काढ, गार होऊ दे,” नात म्हणाली. मी दोन्ही काढून ठोकळा उघड्या फरशीवर ठेवला, पिनेचं टोक टेबलावर ह्यांच्यापुढं राहिलं, पंखा वाढवला. चहा झाला. तिनं परत फोन केला, मी एका हातात मोबाईल धरून बोर्डापाशी वाकले.

“आधी पिन लाव, मग प्लग.”

“लावते गं,” म्हणून मी वळले. पिन ह्यांनी घेतली होती. उजव्या हातात.

अंगठा आणि शेजारचं बोट. मधे ती बोरूच्या टोकाएवढी पिन. हात थरथरत लॅपटॉपच्या कडेपर्यंत गेला, पिन घासली, घसरली. बोटांनी सोडली नाही. परत घासली. माझा हात पुढं गेला होता, तो मी मागं घेतला आणि पदरात धरून ठेवला. ह्यांचं कपाळ घामानं भिजलेलं. मग पिन आत गेली.

“आजी, दिवा लागला का?”

प्लग लावायचा राहिलाच होता. मी म्हणलं, “आबांनी पिन लावली.”

“बरं. पण दिवा?”

“उजव्या हातानं.”

मग ती हळू म्हणाली, “मला दाखव.”

मी मोबाईल ह्यांच्याकडं फिरवला. ह्यांनी नातीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग नीट बसलेली पिन ओढून बाहेर काढली, तिला दिसेल अशी वर धरली आणि पुन्हा लावायला लागले.