आतून रंगवलेली गाडी

माझ्या भावोजींची उभी हयात गॅरेजमध्ये मोटारींची दारं आणि बॉनेट रंगवण्यात गेली. निवृत्तीनंतर ते रिमोटवर पळणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांच्या बॉडी रंगवू लागले. त्यांना कुणी खेळणं म्हटलेलं भावोजींना खपत नसे.

ही बॉडी पातळ, पारदर्शक प्लास्टिकची असते आणि रंग द्यायचा तो आतून. मग गाडी कितीही घासली, आपटली तरी रंगाला धक्का लागत नाही. त्यामुळे सगळं काम उलट्या क्रमाने चालतं. बाहेरून जे सगळ्यांत वर दिसायला हवं ते आधी काढायचं आणि पांढरं अस्तर शेवटी मारायचं. एकदा झाकलं गेलं की दुरुस्ती नाही. रंग पुसायला जावं तर प्लास्टिकच धुरकट होतं.

म्हणून भावोजी सर्वांत आधी टपाच्या कडेला उलट्या अक्षरांत 'मास्तर' अशी सही करत. या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबातले सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत.

रंग त्यांचा, पण रेघा ताईच्या. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आयुष्यभर तिने शिवणकाम केलं. बॉडीच्या आत टेप चिकटवून ती ब्लेडने नक्षी कापायची. जरा जोर जास्त झाला तर प्लास्टिकवर चरा उठतो. तिच्या हातून तो कधी उठला नाही. घरी आलेले लोक त्या रेघांचं कौतुक करत, तेव्हा भावोजी म्हणत, "हात बसलाय आता."

स्वयंपाकघरातून ताई म्हणायची, "बसलाय ना, खुर्चीत."

लोक हसत, भावोजीही हसत. पुढे कुणी काही विचारत नसे.

गेल्या वर्षी क्लबाने त्यांच्याकडे नव्या काचेच्या कपाटात मांडायला एक बॉडी मागितली. तोवर ताईच्या बोटांना कंप सुटला होता. तरी तिने खंड्या पक्ष्याच्या पंखांची नक्षी कापायला घेतली. मनगट उशीवर टेकवायची, थोडं कापायची, थांबायची. हे काम शेवटचं, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

"या खेपेला तुझंही नाव घालतो," भावोजी माझ्यासमोर म्हणाले.

"बघू," ताई म्हणाली. पण त्या दिवशी तिने नवी साडी नेसून चहा दिला.

काम पुरं झालं तेव्हा भावोजींनी बॉडीवरचा बाहेरचा संरक्षक पापुद्रा सोलून काढला आणि बॉडी ताईपुढे धरली. निळे पंख लखलखत होते. ताईने आधी टपाची कड पाहिली. तिथे एकटा 'मास्तर' होता. इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने एकच सही केली होती, आणि अस्तर तर केव्हाच मारून झालं होतं.

"छान झालीय," ती म्हणाली.

भावोजींचा चेहरा उतरला. "बाहेरून लिहितो," ते म्हणाले.

"अहो, राहू द्या. टिकायचं नाही ते."

त्यांनी ऐकलं नाही. सहीशेजारी तिचं नाव बाहेरून लिहिलं. क्लबाचा रिवाज असा, की कपाटात जाणारी गाडी आधी एक शर्यत पळालेली हवी. दुसऱ्याच वळणावर गाडी उलटली आणि टपावर घसरत गेली. आतलं सगळं जसंच्या तसं राहिलं. बाहेर नावाच्या जागी नुसते ओरखडे उरले.

कपाटाचं उद्घाटन झालं तेव्हा मी त्या दोघांबरोबर होतो. क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, या रेघा फक्त तुम्हीच काढू शकता."

"मी नाही, हिने कापल्यात," भावोजी म्हणाले. "ही एकच नाही, आजवरच्या सगळ्याच."

सेक्रेटरी कौतुकाने हसले. "वहिनींची साथ होतीच म्हणा. एवढं मोठं मन असावं माणसाचं."

"अहो, साथ नव्हे, खरंच..."

पण सेक्रेटरी दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले होते. भावोजी त्यांच्यामागे दोन पावलं गेले. ताईने त्यांची बाही धरली.

"घरी लोक यायचे तेव्हा बोलला असतात तर पटलं असतं हो," ती हळूच म्हणाली. "आता ते तुमचंच कौतुक करतील."