आठ दिवस पाण्यात हात नाही

माझं खरं शिक्षण जनावरांच्या बाजारात झालं. दलालाच्या मागं फिरताना एक गोष्ट पक्की शिकलो. समोरचा काहीही म्हणो, पहिला शब्द ‘नाही’. भाव वाजवी असला तरी नाही. नाही म्हटलं की समोरचा एक पायरी खाली येतो. या एका शब्दावर मी झेरॉक्सचं मशीन घेतलं, मग घाटनांदुरात स्टेशनच्या रस्त्याला गाळा घेतला. आज तिथं सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत सगळी कामं होतात. कुणाची शिफारस नव्हती, कुणाचा हात डोक्यावर नव्हता.

सोयाबीनची काढणी चालू असताना हुकूम आला की, निराधार योजनेचा पगार घेणाऱ्यांनी हयातीचा दाखला नव्या साईटवर करायचा. मुदत पंधरा दिवसांची, नाही केला तर पगार बंद. पान उघडून नंबर टाकायचा आणि ‘अंगठा घ्या’वर क्लिक करायचं. मग ते पान माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेला अंगठ्याचा प्रोग्राम चालू करणार, प्रोग्राम अंगठ्याच्या मशीनचा लाल दिवा लावणार, आणि माणसानं त्यावर अंगठा ठेवायचा.

पहिल्यांदा क्लिक केलं तेव्हा वरच्या कोपऱ्यात एक चौकट आली. ही साईट तुमच्या कॉम्प्युटरमधले दुसरे प्रोग्राम वापरू पाहते, परवानगी द्यायची की अडवायचं? मी धड वाचलंही नाही. कोण कुठली साईट आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरते म्हणते. अडवलं. चौकट गेली ती पुन्हा आली नाही.

त्याच दिवशी एक मावशी आल्या. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी सासरी. बायांच्या टोळीबरोबर गुत्त्यानं, एकराचा भाव ठरवून, सोयाबीन कापतात. कापणीतून मधेच उठून आल्या होत्या, नखांत माती होती. नंबर टाकला, क्लिक केलं, त्यांनी अंगठा ठेवला. काही नाही. दुसरा अंगठा, पुसून पहिला, मग बोटं. काही नाही.

‘‘दाबा की नीट.’’

‘‘दाबलाय की दादा. अजून किती दाबू?’’

मागं चार माणसं उभी होती. मला राग आला की आवाज आपोआप चढतो. ‘‘मावशी, तुमचा अंगठा झिजलाय. रेघच उरली न्हाई त्याला. मशीन काय हवेतून घेईल?’’

मागचा एक जण हसला. ‘‘कागदावर तुमी हायच न्हाई म्हणा की.’’

मावशी अंगठ्याकडं बघत राहिल्या. मग हळू विचारलं, ‘‘मग आता?’’

मला काही माहीत नव्हतं. पण गाळ्यात बसलेल्या माणसानं माहीत नाही म्हणायचं नसतं, असं मला वाटायचं. मी ठोकून दिलं, ‘‘आठ दिवस पाण्यात हात घालायचा न्हाई. मातीत न्हाई, विळ्याला न्हाई. रोज तेल लावा. रेघा वर येतील.’’

‘‘सुगीत आठ दिस?’’

‘‘पगार पाहिजे का न्हाई?’’

त्या गेल्या. त्यांनी ते अक्षरशः पाळलं, हे मला नंतर कळलं. टोळीत त्यांच्या जागी दुसरी बाई लागली. भांडी शेजारीण घासून द्यायची.

त्या आठ दिवसांत आणखी सात-आठ जणांचे अंगठे लागले नाहीत. सगळे कामकरी, त्यामुळं माझं म्हणणं मलाच खरं वाटायला लागलं. मशीन तर दुसऱ्या साईटवर बिनतक्रार चालत होतं. नवव्या दिवशी मावशी आल्या. अंगठ्याला स्वच्छ फडकं गुंडाळलं होतं. ते सोडून त्यांनी अंगठा ठेवला. काही नाही. मुदतीचे चार दिवस उरले होते. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मी अंबाजोगाईच्या दुकानदाराला फोन लावला. अंगठ्याचं मशीन त्याच्याकडूनच घेतलं होतं. घेताना मी त्याला इतका घासला होता की तेव्हापासून तो माझ्याशी वाकडाच बोलतो.

‘‘काय भंगार गळ्यात मारलं बे?’’

‘‘शेठ, लाल दिवा लागतो का?’’

मी बघितलं. लागत नव्हता. इतक्या दिवसांत एकदाही लागला नव्हता आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी म्हणालो, ‘‘लागतो की.’’

‘‘लागत नसणार. पत्त्याच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यावर क्लिक करा. अडवलंय लिहिलंय का बघा.’’

लिहिलं होतं.

‘‘शेठ, साईट प्रोग्रामला हाक मारायलीय, अन् तुमी तिचं तोंड दाबून धरलंय. अंगठा मशीनपर्यंत गेलाच न्हाई कधी.’’ आणि तो हसला. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. चूक माझी होती हे कबूल, पण तसं हसायची गरज नव्हती. तेव्हापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही.

परवानगी दिली, पान पुन्हा उघडलं. मावशींना आत बोलावलं. लाल दिवा लागला आणि त्यांचा अंगठा पहिल्याच झटक्यात आला.

‘‘बगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आठ दिस पाळलं म्हणून झालं. तुमच्यामुळं, दादा.’’

मी ‘हां’ म्हणालो. तेवढंच म्हणालो आणि प्रिंट काढायला पाठ फिरवली.

आधी परत पाठवलेल्या सात-आठ जणांनाही फोन करून बोलावलं आणि कारण न सांगता त्यांचे अंगठे घेतले. दोन दिवसांनी मावशी पुन्हा आल्या, सोबत गल्लीतल्या दोघी. दोघींच्या बोटांना फडकी. एकीनं चार दिवस कापणी सोडली होती, दुसरीनं तीन. मावशींनीच त्यांना माझा उपाय सांगितला होता, आणि गल्लीत आणखी पाच-सहा जणी तसंच हात जपून बसल्या होत्या. त्या दोघींचे अंगठे घेतले, लगेच आले. मावशी कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. मला ते बघणं सहन होईना. दोघी गेल्यावर मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी स्वतःचा अंगठा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाल्या, ‘‘त्या दिशी कावून न्हाई सांगितलं?’’

‘‘लाज वाटली.’’

‘‘लाज तुमाला वाटली, अन् हात धरून आमी बसलो.’’

‘‘चुकलं, मावशी.’’

‘‘मला सांगून काय व्हतंय? मी ज्यांना सांगितलं, त्यांना तुमी सांगा.’’

मी म्हणालो, निरोप धाडतो. त्या बाकावर जाऊन बसल्या आणि हलल्या नाहीत. शेवटी शटर ओढलं आणि त्यांच्या मागं चालत गेलो. ज्या गल्लीत मी कधी पाय ठेवला नव्हता, तिथं सात-आठ बायांसमोर उभा राहिलो. भर बाजारात पाचपन्नास माणसांशी भांडलोय, पण तिथं तोंड उघडेना. मावशी म्हणाल्या, ‘‘बोला.’’ बोललो. अंगठे चांगले होते, चूक माझ्या कॉम्प्युटरवर माझ्या हातानं झाली होती, आणि आठ दिवसांचा उपाय मी मनानं रचला होता.

कुणी शिवी दिली नाही. तेलकट हात पदराला न लावता पुढं धरून बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘‘म्हंजे मी भांडी घासू का आता?’’

बाया हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत.

‘‘घासा,’’ मी म्हणालो.