आत्याची दोन बोटं

मी एकदा साडेचार हजार रुपयांना एक लाल भोपळा विकत घेतला. त्यात विशेष काही नव्हतं. बिया होत्या.

आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लिलाव असतो. मंडळी घरून भाज्या, अंडी, जिवंत कोंबड्या आणतात आणि भक्ती संपली की आवारात बोली लागते. दोनशेची वस्तू हजाराला घ्यायची. पैसे देवाच्या कामाला जातात आणि घेणाऱ्याला टाळ्या मिळतात. मला टाळ्या आवडतात. गायनमंडळाच्या सेक्रेटरीने "चार हजार" म्हटलं आणि माझा हात आपोआप वर गेला. खिशात एकशे दहा रुपये होते आणि तीन क्रेडिट कार्डं, तिन्ही काठोकाठ भरलेली. तेव्हा आणखी एक कर्ज मी तिथेच, भोपळा काखेत धरून, मोबाइलवर काढलं.

टाळ्या न वाजवणारी एकटी माझी आत्या होती. ती गर्दीतून आली आणि तिने माझं मनगट धरलं.

आत्या नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती. लग्न केलं नाही. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. निवृत्तीनंतर ती शिरवण्यात खोली घेऊन राहिली, आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. "जवळ असावं, पण डोक्यावर नको," म्हणायची. कुणाशीही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती आधी नाडी धरायची. दोन बोटं मनगटावर आणि नजर पदराला उलट्या टाचलेल्या घड्याळावर. समोर भाजीवाला असो की चर्चचे पाळकसाहेब. खोटं बोललं की नाडी पळते, असं तिचं मत. डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही, माझी पळायची.

"हा भोपळा कुणाच्या पैशाचा?"

"माझ्या."

"एकशे बारा," आत्या म्हणाली आणि मनगट सोडलं.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आमच्या घरी जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते. गीत झालं, वचन वाचून झालं, आणि आत्या म्हणाली, "आज सुधाकर प्रार्थना करील. आकड्यासकट."

"आत्या, देवाला सगळं माहीतच आहे ना?"

"देवाला आहे. रूथला नाही."

रूथ म्हणजे माझी बायको. तिला फक्त गाडीचं कर्ज ठाऊक होतं. मी डोळे घट्ट मिटले आणि एकूण आकडा सांगितला, सहा लाख चाळीस हजार. आमेन कुणीच म्हटलं नाही. डोळे उघडले तेव्हा रूथ समोर नव्हती. स्वयंपाकघरात भोपळ्यावर सुरी पडल्याचा आवाज आला. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि आठ दिवस आम्ही भोपळा खाल्ला. नवव्या दिवशी म्हणाली, "गाडीत मला शेजारी बसवून फिरवलंस. आणि सांगितलंस कुणाला, तर देवाला."

आत्याने एक रुपयाही दिला नाही. "आहेत माझ्याकडे, पण देणार नाही," तिने स्पष्ट सांगितलं. "ताप उतरला की तू पुन्हा भिजायला जाशील." त्याऐवजी ती स्वतःच आमच्याकडे राहायला आली. तिच्या घरमालकीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बाय, भाच्याचं टेन्शन तुमी कशाला घेता? खोली हाय ना तुमची!"

"पेशंट आहे तो," आत्या म्हणाली. "ड्युटी लागली."

तिची ट्रंक, शिलाई मशीन आणि बायबल मी माझ्या गाडीतून आणलं. गाडीची ती शेवटची फेरी. दुसऱ्याच आठवड्यात आत्याने गाडी विकायला लावली. तिचं खोलीभाडं वाचलं ते आमच्या किराण्याला, आणि माझ्या पगारातून जे उरेल ते हप्त्यांना. मी हळूच सुचवलं, तोपर्यंत चर्चला जाणारा पगाराचा दशांश थांबवू या.

"सगळ्यात आधी देवाचा बंद करतोस? त्याचा वसुलीवाला फोन करत नाही म्हणून?"

अडीच वर्षं रोज प्रार्थनेत मी उरलेला आकडा मोठ्याने सांगत होतो. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही ओळ आली की माझा आवाज बारीक व्हायचा आणि आत्याचा हटकून चढायचा. आकडा उतरत गेला. त्याच काळात आत्या जिन्यात दोनदा थांबायला लागली, मग प्रत्येक मजल्यावर. विचारलं की म्हणायची, "वय झालं." घरातल्या सगळ्यांची नाडी बघणाऱ्या या बाईची नाडी आम्ही कुणी कधी धरली नाही. तिला ते ठाऊक होतं. तपासण्यांचा खर्चही ठाऊक होता.

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. मी तिचं मनगट धरून बसलो. ठोके लागत होते, जोरात. मला वाटलं, सुधारतेय.

"अंगठ्याने धरलंयस," ती डोळे न उघडता म्हणाली. "ती तुझीच लागतेय."

मी बोटं बदलली. तिची खूप वेळ सापडेना.

"किती राहिले?"

"तीन हप्ते."

"मग भर."

भरले. बँकेचं पत्र आलं त्या संध्याकाळी प्रार्थनेत सांगायला आकडा नव्हता. सवयीने मी मनगट पुढे केलं. रूथने ते धरलं. मोजायला तिलाही येत नाही.

शवपेटीचं सांगायचं राहिलं. आत्या गेली त्या दिवशी आम्ही दोघं पेटीच्या दुकानात गेलो. साध्या पेट्या एका बाजूला रचलेल्या होत्या. मी दुसरीकडे वळलो. सागवानी, आत पांढरी साटीन, कडेला पितळी कड्या. जिने आपली खोली सोडून अडीच वर्षं माझ्या हॉलमध्ये दिवाणावर काढली, तिला निदान हे तरी. दुकानदार म्हणाला, "हप्त्यावर पण देतो, साहेब." मी मोबाइल काढला.

रूथने माझा हात धरून खाली केला आणि पर्समधून एक पाकीट काढलं. आत्याने ते महिन्यापूर्वीच तिच्याकडे देऊन ठेवलं होतं. आत नोटा होत्या. वर, पेशंटच्या तक्त्यावर लिहावं तशा ठळक अक्षरात लिहिलेलं रूथने दुकानदारासमोरच वाचलं:

"माझ्या पेटीचे. साधी घ्यावी. पैसे रूथने द्यावेत. सुधाकर पितळी कड्या बघत असेल, त्याला दुकानाबाहेर उभा करावा."