उजव्या पंखातलं शिसं

दादा गेला त्या दिवशी बुधवार होता. दुपारी दवाखान्यातून निरोप आला. त्यानं घरी बनवलेलं छोटं विमान टेबलावर होतं.

त्याची विमानं तारांवर उडत. डाव्या पंखातून निघालेल्या दोन तारा मुठीत धरायच्या आणि विमान आपल्याभोवती गोल फिरवायचं. तारा ताणलेल्या राहाव्यात म्हणून उजव्या पंखाच्या टोकात शिसं भरलेलं, शेपटीचं सुकाणू किंचित उजवीकडे. या विमानात त्याला तारांऐवजी रेडिओ बसवायचा होता, म्हणजे हातातलं बटण दाबून दुरूनच सुकाणू वळवता आलं असतं. 'आधी शिसं काढणे, सुकाणू सरळ करणे,' असं त्यानं वहीत लिहिलं होतं. मध्ये दसरा आला. हत्यारांबरोबर विमानही पूजेला मांडलं, आईनं पंखाला हळदकुंकू वाहिलं. पंधरा दिवसांत तो गेला.

रेडिओ दादरच्या भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, बोटीवरच्या कुणा अधिकाऱ्याकडून मिळवला होता. तेवढ्यावर ते स्वतःला विमानतज्ज्ञ समजत. दिवसकार्य आटोपल्यावर म्हणाले, "त्याची इच्छा आपण पुरी करू." इच्छा दादाची, बटण यांच्या हातात.

मी वही पुढे केली.

"पूजलेल्या वस्तूला करवत लावायची? शाळामास्तरांना एवढंही कळू नये?"

रेडिओसाठी विमानाच्या पोटाला भोक त्यांनीच पाडलं होतं. घरच्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मोठा आवाज म्हणजेच शास्त्र.

आमच्या पनवेलला तेव्हा रेल्वे नुकतीच आली होती. गावाबाहेर मिठागराच्या कडेला मोकळी जागा होती, तिथे गेलो. उडवायला मदत म्हणून एका मीठकामगारानं विमान हातात घेतलं आणि जरा तोललं.

"सायेब, याचा उजवा पंख जड हाय."

"घ्या. आता मिठागरातून विमानविद्या यायची." भावोजी एकटेच हसले. "सोड रे."

वीसेक हात ते सरळ गेलं. मग उजवीकडे कललं आणि कलतच राहिलं. भावोजी बटण दाबत होते. विमान नाकावर मिठागरात पडलं.

"वारा फिरला," ते म्हणाले. वारा नव्हता. चिखलातून त्यांनी आधी रेडिओ काढला, रुमालानं पुसला आणि चारची एसटी पकडली.

त्यांना हसणं सोपं आहे, ते मी वर्षानुवर्षं केलं. पण वही मला वाचता येत होती, करवत घरात होती, आणि विमान आठवडाभर माझ्याच खोलीत होतं.

सुपारीएवढं शिसं उरलं आहे. ते माझ्या टेबलावर असतं.