तोंडवळा

"मराठीत बोला की, मावशी. केजचा हाय मी."

हे वाक्य तो दिवसातून पाच-सहा वेळा तरी म्हणायचा, आणि दर वेळी हसून. पुण्यातला रिक्षावाला, भाजीवाली, घरमालकीण, सगळे त्याच्याशी हिंदीत सुरू व्हायचे. बारीक डोळे, बसकं नाक, गोरापान रंग. त्या तोंडून 'लई' आणि 'न्हाई' बाहेर पडलं, की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तुम्ही असता तर तुम्हीही हिंदीतच सुरू झाला असता, मीही पहिल्या दिवशी झालो होतो.

वडील नेपाळचे. केजच्या बाजारपेठेत गुरख्याच्या कामाला आले, शिरूर कासारच्या मुलीशी लग्न केलं आणि हा चार वर्षांचा असताना वारले. मागे ठेवलं काय, तर आपल्या गावाचं अर्धवट नाव आणि हा चेहरा. पुण्यात आम्ही दोघं एका पार्सलच्या गोदामात कामाला होतो, खोलीही एकच. तो आरशासमोर इतका वेळ काढायचा, की मला वाटलं, पोरगी बघितली असणार.

"पोरगी न्हाई बे," तो म्हणाला. "हे थोबाड कुणावर गेलंय, ते बघतोय. आईवर तर न्हाई."

मग सुट्टीच्या दिवशी त्याने माणसं शोधायचा सपाटा लावला. मोमोच्या गाडीवर गेला, की गाडीवाला खुशीत नेपाळी बोलू लागे आणि याला ओ की ठो कळत नसे. एकजण तर रुसला, त्याला वाटलं हा मुद्दाम शिष्टपणा करतोय.

"मराठी म्हणतेत तू नेपाळी, नेपाळी म्हणतेत तू मराठी. मी मधल्यामधी कोण बे?" हसतच म्हणाला, पण त्या दिवशी जेवला नाही. मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याला पुण्यातल्या नेपाळी मंडळींचा मेळावा होता. त्या दिवशी वडीलधारे दह्यात कालवलेल्या लाल तांदळाचा टिळा लावतात, एवढं त्याला कळलं होतं. हा पठ्ठ्या मला घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून आपट्याची पानंही. टिळा लावणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात पान ठेवून "सोनं घ्या" म्हणत वाकला. म्हाताऱ्याने पान कपाळाला लावलं आणि प्रसाद समजून चावून खाल्लं. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

म्हाताऱ्याने हिंदीत विचारलं, घर कुठं?

"केज."

नेपाळमध्ये कुठं? याने वडिलांचं नाव आणि ते अर्धवट गाव, एवढंच कसंबसं सांगितलं. म्हाताऱ्याने त्याच्या कपाळावर टिळा थापला आणि लगेच खिशातून फोन काढला.

त्या फोनाफोनीतून दोन महिन्यांनी वडिलांची थोरली बहीण सापडली. हा निघाला. आईने धपाटे बांधून दिले आणि कधी न पाहिलेल्या नणंदेसाठी साडी-चोळी.

"आधी साडी दे, मंग जेव," तिने बजावलं.

तो अजून तिकडेच आहे. खोली मला मोठी वाटते. मध्यंतरी केजला गेलो तेव्हा त्याच्या आईने फोनवर आलेला फोटो दाखवला. डोंगरातलं अंगण, मधे ती साडी नेसलेली म्हातारी आणि भोवती टोप्या घातलेले सात-आठ आतेभाऊ. माउलीने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"सांग बरं लेकरा," ती म्हणाली, "ह्यातला माझा कोणता?"

मलाही पटकन सांगता येईना.