व्याह्यांची लाल वाईन

बायको जाऊन वर्ष झालं तेव्हा लेकीच्या सासरचे दुखवटा काढायला उचगावला आले. आमच्यात पाव्हणे येतात, टॉवेल-टोपी देतात, मटणाचं जेवण होतं आणि मग घर पुन्हा चालायला लागतं. वर्षभर मी मटणाला शिवलो नव्हतो. भाकरीसुद्धा घशात अडकायची.

व्याही नाशिककडचे, द्राक्षबागेचे. त्यांची द्राक्षं वाईनच्या कारखान्यात जातात. तिथलीच लाल वाईनची बाटली त्यांनी आणली होती. माझ्या चुलतभावानं ती बघितली आणि थेट बर्फाच्या कप्प्यात कोंबली. व्याही धावतच स्वयंपाकघरात गेले.

"अहो काढा! लाल वाईन एवढी गार केली की तिला चवच राहत नाही."

मग जेवायला बसल्यावर ते सांगत बसले. द्राक्षाची जात मूळची फ्रान्सची, पण त्यांच्याकडच्या मुरमाड जमिनीत आणि रात्रीच्या गारठ्यात चांगली रुजली. रस काढला तरी साल त्यातच ठेवायची, रंग आणि तुरटपणा सालीतनं येतो. पुढं लाकडी पिंपात मुरवायची. वास पिकल्या जांभळाचा, आणि गिळल्यावर मागनं मिरी लागते म्हणे.

चुलतभावाला एवढा दम कुठला? त्यानं तांबड्या रश्श्याची वाटी ओरपली आणि वर स्टीलच्या फुलपात्रातनं वाईनचा मोठा घोट घेतला. डोळ्यांतनं पाणी आलं.

"आयला, आग लागली की हो!"

"तिखटावर ही आणखी पेटते," व्याही हसले. "हिला सुक्कं मटण लागतं. चरबीचा तुकडा चावा, मग घ्या. तुरटपणा निवतो."

सगळे हसत होते, तेवढ्यात जावयाच्या धाकट्या भावानं एक ग्लास माझ्यापुढं ठेवला. "घ्या ना मामा, घरचीच आहे."

माझा हात ताटातच राहिला. बावीस वर्षांमागं मी देशी प्यायचो, रोज. बायकोनं एक दिवस जोतिबाचा गुलाल माझ्या तळहातावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. त्या दिवसापासून थेंब नाही. पण लेकीच्या सासरी हे कधी कळू दिलं नव्हतं. कुठं लग्नाकार्यात ग्लास पुढं आला की बायको मधी पडायची, "ह्यांना पित्त हाय, देऊ नका." आता मधी पडायला कोण होतं?

लेक भाताचं पातेलं घेऊन दारात थांबली. तिचं तोंड उतरलं. मी पित्ताचं सांगणार होतो, पण भिंतीवर बायकोचा फोटो. खोटं तोंडातनं निघंना.

"पावणं, मी दारुडा होतो. सोडलीया, पण होतो. तुमच्यापासनं झाकलं, ते चुकलं."

व्याह्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"माहीत आहे की. मुलगी बघायला आलो होतो ना, तेव्हा विहीणबाईंनी मला मागच्या परड्यात बोलावून सांगितलं. म्हणाल्या, आमचा माणूस प्यायचा, आता सुटलीय. पुन्हा लागली तर मी स्वतः येऊन सांगीन. पटत असेल तर पोरगी घ्या."

"आणि तुम्ही घेतली?"

"एवढं खरं बोलणाऱ्या आईची मुलगी कोण सोडतं?" मग पोरावर खेकसले, "उचल तो ग्लास! बाटली बाकीच्यांना आणलीय."

मी फोटोकडं बघत बसलो. म्हणजे पित्ताचं ती व्याह्यांना फसवायला सांगत नव्हती. चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी सांगायची. आणि मी येडा, लेकीचं घर मोडंल म्हणून इतकी वर्षं जीव मुठीत धरून त्यांच्या दारात जात होतो. छातीवरचा धोंडा कुणी बाजूला केल्यागत झालं. रडू आलं, आणि त्याच्या मागनं भूक. खरी, कडकडून भूक.

लेक अजून दारातच होती.

"बघत काय उभी राहिलीस?" मी म्हणालो. "वाढ की!"